पोटाचा घेर: मोजायचा कसा, उतरवायचा कसा

वजनकाट्यावर चढण्याआधी घरातली शिंप्याची टेप शोधा. शिलाई मशीनच्या खणात असेल, नसेल तर कोपऱ्यावरच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळेल. पहिलं काम तिचंच आहे.

मी नाशिकला सिडकोत दवाखाना चालवते. माझे बरेचसे पेशंट अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत कामाला आहेत, बाकीचे म्हणजे त्यांच्या बायका, आई-वडील आणि मुलं. बीपी, शुगर, गुडघे, घोरणं, पाळीच्या तक्रारी घेऊन माणसं येतात आणि त्यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ पोटावरच्या चरबीत सापडतं. पण नुसत्या वजनासाठी म्हणून फार थोडे येतात. येतात ते खाली मान घालून, काहीतरी गुन्हा केल्यासारखे. घरात, कंपनीत, लग्नकार्यात त्यांना इतकं ऐकवलेलं असतं की डॉक्टरही तेच ऐकवणार अशी त्यांची खात्री झालेली असते. लठ्ठपणा हा आजार आहे. त्याला कारणं आहेत, त्यावर उपचार आहेत, आणि उपचाराचा मोठा भाग स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि ड्यूटीच्या वेळापत्रकात करायचा असतो. तो कसा करायचा तेवढंच इथं सांगते.

टेप कुठं लावायची

पुरुष पेशंटला कमर किती विचारलं की तो पँटचा नंबर सांगतो. "चौतीस, मॅडम. लग्नापासून चौतीसच आहे." टेप लावली की १०२ सेंटिमीटर निघतं, म्हणजे चाळीस इंच. तो खोटं बोलत नसतो. पोट पुढे येत गेलं तसा पट्टा खाली सरकत गेला आणि आता तो ओटीपोटावर, पोटाच्या पार खाली बसतो. तिथलं माप खरंच चौतीस आहे. साडी नेसणाऱ्या बाईचं तर तेही होत नाही, कारण परकराची नाडी कितीही सैल करता येते.

म्हणून असं मोजा. पट्टा किंवा नाडी सैल करा, कपडा वर घ्या. कुशीत बोटं दाबून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग त्याच रेषेत खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मधे पेनाने खूण करा. टेप त्या खुणेवरून आडवी फिरवा. पाठीमागे ती खाली घसरली नाही ना, हे घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी मोजलेलं बरं.

पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या वर असेल तर काम सुरू करायला हवं. आणखी एक सोपी खूण आहे, ती दहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना लागू पडते: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८० च्या आत.

आकडा, तारीख आणि त्या दिवशीचं वजन कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचं माप महिन्यानंतर घ्यायचं.

आपली मापं वेगळी का

बीएमआय सगळ्यांनी ऐकलेला असतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. वजन ७० किलो आणि उंची १.६५ मीटर असेल तर बीएमआय साधारण २५.७ येतो. जागतिक मापानं हा माणूस नुसता 'वजन थोडं जास्त' या गटात जातो, कारण तिथं लठ्ठपणा ३० पासून मोजतात. आपल्याकडच्या निकषांत २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा.

हे ऐकलं की लोक म्हणतात, आम्हालाच का एवढं कडक माप? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचा एकत्र फोटो आणि स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात असं दिसलं की आपली बाळं जन्मताना वजनाला कमी भरतात, पण त्या लहानशा अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण आपण जन्मतःच थोडीफार घेऊन येतो. हाताच्या किंवा मांडीच्या चरबीपेक्षा पोटाच्या आत, यकृताभोवती साचणारी चरबी जास्त त्रास देते. शुगर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि मग शुगर, बीपी, फॅटी लिव्हर एकामागोमाग एक येत राहतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. प्रौढांपैकी २८.६ टक्के लोकांत लठ्ठपणा होता आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत. "मी काही जाड नाही, फक्त पोट आहे" असं म्हणणारे या दोन आकड्यांच्या फरकात सापडतात. त्यांनीच टेप आधी लावावी.

वाढतं कशानं

"कमी खा, जास्त चाला." एवढं सांगून पेशंटला पाठवलं तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला ते आधीच ठाऊक असतं.

वजन वाढण्याचा कल बऱ्याच अंशी घराण्यातून येतो. पण आजोबांचीही जनुकं तीच होती आणि त्यांना पोट नव्हतं. बदललं ते भोवतालचं. सातपूरला शिफ्ट सुटली की सायकलींची रीघ लागायची, आज तिथं बाइकची लागते. जुन्या नाशकात घर, शाळा, बाजार, देऊळ सगळं पायाखालचं होतं. आता पाथर्डी फाट्याला घर, मुंबई नाक्याला काम आणि कॉलेज रोडला मुलांचा क्लास, आणि मधलं सगळं अंतर गाडीवर. भाजी दारात येते. मशीनवर उभं राहून करायचं काम स्क्रीनपुढे बसून होऊ लागलं.

खाणंही बदललं. अमेरिकेत २०१९ मध्ये एक नेटका प्रयोग झाला. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद खाणं दिलं आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचं साधं खाणं. साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचं प्रमाण दोन्हीकडे जुळवलं होतं, आणि पोटभर खायची मुभा होती. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज जवळजवळ ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. बिस्किटं, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स आणि फरसाण यांच्यापुढे हात थांबत नाही, तो तुमचा दुबळेपणा नव्हे. ते पदार्थ तसेच बनवलेले असतात.

शिवाय झोप कमी, ताण जास्त. काही औषधांनी वजन वाढतं: स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, शुगरच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. थायरॉइडवर मात्र नको तेवढं खापर फुटतं. थायरॉइड कमी काम करत असेल तर वजन सहसा दोन-चार किलोंनी वाढतं आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. वीस किलोंचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आणि एक गोष्ट माणसाला कुणी सांगतच नाही. वजन उतरायला लागलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. म्हणून नुसत्या निश्चयाच्या जोरावर राहू नका. निश्चय रोज करावा लागतो, घरातली व्यवस्था मात्र एकदा बदलली की ती आपोआप चालते. पुढचं सगळं या व्यवस्थेबद्दल आहे.

तेलाचा डबा

सुरुवात इथून करा. माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी पहिल्या महिन्यात दुसरं काहीच बदलायला सांगत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचं घर असेल तर दिवसाला १०८ ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. यात तूप आणि लोणीही आलं. आता तुमच्या किराणा यादीत बघा. सहा-सात लिटर ही आमच्या भागात अगदी नेहमीची गोष्ट आहे. सिडकोत खानदेशातून आलेली घरं पुष्कळ आहेत, आणि शेवभाजीवर किंवा भरितावर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुण्याला कमी केलं असं वाटतं. साडेसहाच्या जागी साडेतीन लिटर वापरलं तर माणशी रोजच्या साधारण २०० कॅलरी कमी होतात. भाकरी एकही कमी न करता.

कसं करायचं? महिन्याच्या एक तारखेला साडेतीन लिटर तेल-तूप वेगळं काढा आणि डब्यावर मार्करने तारीख लिहा. दर रविवारी पातळी बघून रेघ मारा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर छोटं प्लॅस्टिकचं माप येतं, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. ते धुऊन तेलाच्या बरणीजवळ ठेवा आणि बरणीतून थेट कढईत ओतणं बंद करा. चौघांच्या भाजीला २० मिली, वरणाच्या फोडणीला १०, पोळ्यांना २० असा हिशेब धरला तर दोन वेळचं होऊन थोडं उरतं. ते रविवारच्या भज्यांसाठी साठवा. भजी बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका एवढंच सांगते.

कांदा परतताना तेल कमी पडलं की बायका आणखी ओततात. त्याऐवजी पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. काळ्या मसाल्याच्या भाजीला कांदा तव्यावर किंवा गॅसवर भाजून वाटला तर तेलाविना तीच खमंग चव येते. बुडाला लागणारी कढई असेल तर जाड बुडाची घ्या. पहिले पंधरा दिवस घरातले कुरकुरतील. नंतर बाहेरची भाजीच त्यांना तेलकट लागते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

ताट, चहा आणि रविवार

ताट उलटं वाढा. आपल्याकडे आधी भाकरी-पोळी किंवा भात येतो आणि भाजी तोंडी लावायला. त्याऐवजी अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. डाळीचं पाणी झालेलं वरण प्रथिनांत धरू नका. मुठभर कोरड्या मटकीची, साधारण ३० ग्रॅमची, उसळ केली की ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून ६. प्रथिनं आणि तंतू पोटात टिकतात, म्हणून चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जात नाही. नागली आपल्याच सुरगाणा-पेठकडची आहे आणि बाजरी येवल्या-सिन्नरकडून येते. भाकरी यांची असेल तर उत्तम, पण भाकरीसुद्धा मोजूनच खायची. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मेथी-शेपूच्या जुड्या घेतल्या तर त्या त्याच रात्री निवडून ठेवा. निवडायची राहिलेली पालेभाजी ड्यूटीवरून दमून आल्यावर कुणी करत नाही.

चहा: एका कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. कंपनीतले, घरातले आणि टपरीवरचे मिळून सहा कप होतात, साखर ६० ग्रॅम. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला हवं. एकदम बिनसाखरेचा चहा कुणाला जमत नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जीभ जुळवून घेते.

मिसळ सोडायची का, हा प्रश्न नाशकात मला रोज ऐकू येतो. मिसळीतली मोड आलेल्या मटकीची उसळ चांगलीच आहे, सोबतचं दही आणि कांदाही. तेल असतं तर्रीत आणि फरसाणात. उसळ जास्त मागा, फरसाण वेगळ्या वाटीत घेऊन चमचाभर घाला, रस्सा वाढून मागू नका, पावाची दुसरी जोडी नको आणि वरून जिलबी नको. आठवड्यात एकदा अशी मिसळ खाऊन कुणाचं वजन वाढत नाही. तिसऱ्या पाळीतून सुटल्यावर रोज सकाळी खाल्ली तर नक्की वाढतं.

उपासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप यांचं मिळून जेवणाहून जास्त होतं. ताक, फळ, भगर थोडी आणि राजगिरा असा उपास करा.

दारूबद्दल आकडाच सांगते. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये चारशेच्या वर कॅलरी असतात, चखणा वेगळा.

घरातल्या बाईसाठी एक वेगळं सांगायचं आहे. उरलेलं टाकवत नाही म्हणून ती मुलांच्या ताटातलं संपवते, स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्याला भाजी संपून भात उरलेला असतो. भाजी शिजली की आधी तिच्या वाटणीची वाटी बाजूला काढून झाका. नवऱ्यानं किंवा सुनेनं हे काम अंगावर घ्यावं. मी पेशंट बाईसोबत आलेल्या माणसाला हेच सांगते.

कामाची पाळी आणि झोप

अंबडच्या कामगाराचं वजन पाळीच्या बदलांत वाढतं. आठवडाभर सकाळ, मग दुपार, मग रात्र. शरीराचं घड्याळ लागायच्या आत ड्यूटी बदलते. झोप कमी झाली की भूक वाढते, त्यातही गोड-तळलेल्याची. पाळी तुमच्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत.

रात्रपाळीला जाताना घरूनच नीट जेवून निघा, रात्री आठ-नऊच्या सुमारास. मध्यरात्री कँटीनचं ताट घेऊ नका, डब्यात भाजलेले चणे, ताक, एखादं अंडं किंवा फळ न्या. पहाटे तीननंतर चहा नको, नाहीतर घरी जाऊन झोप लागत नाही. सकाळी सुटल्यावर टपरीवर न थांबता घरी या, हलकं खा, आणि खोली पूर्ण काळोखी करून झोपा. जाड पडदा परवडत नसेल तर खिडकीला जुनी गोधडी अडकवा. घरातल्यांनी त्या वेळेत टीव्हीचा आवाज बंद ठेवावा. ही झोप त्या माणसाचं औषध आहे.

जोरात घोरणं, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखा होणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं ही लक्षणं एकत्र असतील तर लगेच दाखवा. झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार वजनाशी जोडलेला आहे आणि घाटात गाडी चालवणाऱ्यासाठी जिवावरचा आहे. झोपेची तपासणी होते, उपचारही आहेत.

चालणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा गतीनं. नाशकात जागांची वाण नाही. गोल्फ क्लबचं मैदान, कृषीनगरचा आणि इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक, गंगापूर रोडकडे गोदापार्क. गुडघे चांगले असतील तर पांडवलेणीच्या पायऱ्या. दुखत असतील तर पायऱ्या नकोत, सपाटीवर चाला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की पहाटेचे सगळे ट्रॅक ओस पडतात. त्या दोन महिन्यांत संध्याकाळची वेळ धरा, आणि पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. खंड पडतो तो या दोन ऋतूंत, म्हणून त्यांची सोय आधीच ठरवून ठेवा.

दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली शुगरसाठी फार उपयोगी आहे.

नुसत्या चालण्यानं मात्र वजन फार उतरत नाही. पाऊण तास चालून एका वडापावाचाही हिशेब जेमतेम फिटतो. चालण्याचे फायदे हृदयाला, शुगरला, झोपेला आणि उतरलेलं वजन टिकवायला होतात. सोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं काम करा: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपले स्नायू मुळातच कमी आहेत, ते डाएटमध्ये आणखी झिजू द्यायचे नाहीत. गुडघेदुखीवाल्यांनी हे लक्षात ठेवा की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार कमी होतो.

किती उतरवायचं, आणि अडलं तर

पहिलं उद्दिष्ट सहा महिन्यांत पाच ते दहा टक्के. ८० किलोच्या माणसानं चार ते आठ किलो. कमी वाटतं, पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००२ साली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय धरलं, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

तीन-चार महिन्यांनी वजन अडतं. सगळ्यांचंच अडतं, कारण हलक्या शरीराला खर्चही कमी लागतो. तेव्हा उपाशी राहू नका. टेप लावा, वजन तेच असून घेर कमी झाला असेल तर काम चालू आहे. तेलाच्या डब्यावरची रेघ बघा, ती बहुतेक आधीपेक्षा लवकर खाली गेलेली असते. तेही ठीक असेल तर औषधाचा विचार करायची वेळ आहे.

मुलांच्या बाबतीत वजन उतरवायच्या मागे लागू नका. उंची वाढत असते, वजन आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ. त्याचं ताट वेगळं करू नका, सगळ्या घराचं बदला. जेवताना मोबाइल नको आणि रोज तासभर मैदान हवं. पाहुण्यांसमोर त्याला 'जाड्या' म्हणणाऱ्या काकांना तिथल्या तिथं थांबवा, मग ते कितीही मोठे असोत.

डॉक्टरकडे

घेर मापाबाहेर असेल तर बीपी, उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्ट्रॉल, यकृताची तपासणी आणि थायरॉइडची टीएसएच एवढं एकदा करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांपुढच्यांची बीपी आणि शुगरची तपासणी मोफत होते. बाईची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर तेही सांगा. चेहरा गोल होऊन पोटावर जांभळट चरे येत असतील, किंवा काही न करता वजन उतरत असेल, तर त्या आठवड्यातच दाखवा.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना आहार कमी केला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आधी डोस बदलून घ्या, मग तेलाच्या डब्याला हात लावा. गरोदरपणी वजन उतरवायचं नसतं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल आता रोज विचारणा होते. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन जून २०२५ मध्ये. आठवड्यातून एकदा घ्यायची असतात, भूक कमी करतात. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. ही खरी औषधं आहेत आणि ज्याला गरज आहे त्यानं ती घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात, डोस हळूहळू वाढवावा लागतो, आणि थांबवलं की बरंचसं वजन परत येतं. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर ती घेता येत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर आधी सांगा. मित्राच्या इंजेक्शनच्या पेनातून किंवा ओळखीच्या मेडिकलमधून थेट आणून टोचून घेऊ नका.

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचा विचार बीएमआय ३५ च्या पुढे करतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांत, शुगर आटोक्यात येत नसेल तर, २७.५ पासूनही. ऑपरेशननंतर व्हिटॅमिन आणि प्रथिनं आयुष्यभर सांभाळावी लागतात, ते आधीच समजून घ्या.

दवाखान्यात येताना तीन गोष्टी आणा: घेराच्या आकड्यांचं कॅलेंडर, गेल्या महिन्याची किराणा यादी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. घरच्या बाईला किंवा जो स्वयंपाक करतो त्यालाही सोबत घेऊन या, कारण अर्धं बोलणं त्यांच्याशीच करायचं असतं.